थॉर्नबेकचे दिवे दोनवर लागतात

दहा

मयतानंतरच्या चहाला गेलेल्या माणसानं सतत काहीतरी चघळत राहावं, असं माझं अनुभवान्ती मत झालं आहे. तोंड भरलेलं असलं की त्यातून आश्वासनं बाहेर पडत नाहीत. फेब्रुवारीत आल्बी मॉसपच्या मयताला माझं सँडविच नेमकं चुकीच्या क्षणी संपलं. समोर त्याची बायको हिल्डा उभी होती. काळा कोट, हातात कपबशी. अशा वेळी आमच्याकडे 'काही लागलं तर सांगा' म्हणायचं असतं आणि समोरच्यानं 'हो, नक्की' म्हणून काहीही सांगायचं नसतं. पिढ्यान्‌पिढ्या हे सुरळीत चालू आहे. आल्बी गावाचे नाताळचे दिवे लावायचा, म्हणून मी मात्र जरा तपशिलात शिरलो. म्हणालो, "मिसेस मॉसप, यंदाच्या दिव्यांची काळजी करू नका. मी बघतो."

हिल्डानं कपबशी खाली ठेवली, पर्स उघडली आणि एक लोखंडी किल्ली माझ्या हातात दिली.

"बरं झालं, पोरा. तुझ्या शब्दावर सोडते."

वीतभर लांबीची किल्ली नवऱ्याच्या मयताला पर्समध्ये घालून कोण येतं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी सदुसष्ट वर्षांचा आहे. मला कोणी पोरा म्हटलं की मी बेसावध होतो.

नऊ

माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. एकतीस वर्षं मी वजनमापं खात्यात तपासनीस होतो. उत्तर इंग्लंडातल्या कंब्रियाच्या या डोंगराळ मुलुखात असा एकही पब नाही जिथल्या ग्लासातल्या बिअरची पातळी मी पट्टी लावून मोजलेली नाही, आणि असा एकही पबवाला नाही जो मला नाताळला कार्ड पाठवतो. माझी बायको बेरिल सांगते की लग्नात पाद्र्यानं 'सुखात आणि दुःखात' म्हटल्यावर मी 'प्रत्येकी किती?' असं विचारलं होतं. हे खोटं आहे. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं होतं.

तेव्हा आमच्या थॉर्नबेक गावाचे दिवे दोनवर लागतात ही गोष्ट मला किती सलत असेल, याचा विचार करा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला, सगळं गाव चौकात जमतं. बँड वाजतो. मंचावर कोणीतरी पाहुणा येतो आणि लाल रंगाचा भलामोठा दट्ट्या दाबायला सज्ज होतो. त्या दट्ट्याला जोडलेली वायर मंचाखाली जाऊन बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात संपते. पाहुणा सोडून हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरा खटका टाउन हॉलच्या तळघरात आहे. तिथं आल्बी बसायचा आणि रस्त्याच्या पातळीवर असलेल्या जाळीच्या झरोक्यातून गर्दीची उलटी मोजणी ऐकायचा. दहा, नऊ, आठ, सात. आणि सदतीस वर्षं, एकदाही न चुकता, त्यानं 'दोन'ला खटका ओढला.

पहिल्या वर्षी त्याला शिंक आली असणार, असं गावाचं म्हणणं. तेव्हा कोणी त्याला काही बोललं नाही, कारण ते उद्धटपणाचं दिसलं असतं. दुसऱ्या वर्षी कोणी बोललं नाही, कारण पहिल्या वर्षी कोणी बोललं नव्हतं. तिसऱ्या वर्षापासून लोकच दोनवर थांबायला लागले. आता परिस्थिती अशी आहे की शाळेतली मुलं उलटे आकडे म्हणताना दोननंतर 'आऽहा' म्हणतात आणि बाई बरोबरची खूण करतात. आमच्या चौकात सदतीस वर्षांत तो शेवटचा आकडा कोणी उच्चारलेला नाही.

मयताहून घरी येताना, किल्ली खिशात लागत असताना, मी ठरवून टाकलं. यंदा एकवर.

आठ

तळघरात सेहेचाळीस आकृत्या होत्या. आल्बीनं प्लायवूड कापून, त्यावर रंगवलेले बल्ब बसवून हातानं केलेल्या. पाय हलवणारी मेंढी, ट्राउट मासा, घुबड, वाफेचं इंजिन, किटली, आणि काठीवाला एक मेंढपाळ, ज्याला चेहरा द्यायचं आल्बीकडून राहून गेलं असावं. सगळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, शिक्षा झालेल्या वर्गासारख्या. मी हात न लावता कुलूप घालून आलो. दुसऱ्या दिवशी मेंढी दाराकडे बघत होती. ओलाव्यानं प्लायवूड वाकतं. मी वहीत तशी नोंद केली.

वायरिंगचा नकाशा असा नव्हताच. प्रत्येक वायरला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं, आणि त्यावर आल्बीचं पेन्सिलीचं अक्षर.

*डावी वायर. तुझी डावी नव्हे.*

*ही शिडी हलते.*

*मेंढीच्या पुढच्या पायाला हात लावू नकोस. तिला चालत नाही.*

*घुबड लागत नाही. लागलं तर घरी जा.*

चार दिवस मी लेबलं वाचत होतो. माणूस विक्षिप्त, पण पद्धतशीर. पाचव्या दिवशी फ्यूजच्या पेटीपाशी आलो आणि चष्मा सापडेना. वीस मिनिटं शोधला. कोटाच्या खिशात, शिडीवर, इंजिनाच्या मागे. शेवटी पेटीवरचं लेबल टॉर्चच्या उजेडात नाकाला लावून वाचलं.

*चष्मा कपाळावर आहे.*

होता.

यात घाबरण्यासारखं काही नाही. आल्बीसुद्धा चष्मा लावायचा, आल्बीसुद्धा विसरत असेल, आणि त्यानं ते स्वतःसाठीच लिहून ठेवलं असेल. मी हे मोठ्यानं म्हणालो. तळघरात मोठ्यानं बोलायची माणसाला गरज का पडावी, ते मात्र मी वहीत लिहिलं नाही.

सात

जिल्हा कौन्सिलचं पत्र आलं. मिस्टर पेल नावाच्या गृहस्थांनी कळवलं होतं, की यंदाचा कार्यक्रम ते जातीनं येऊन पाहतील. नीट पार पडला तर ठीक. काही चुकलं, तर पुढच्या वर्षीपासून बाहेरची कंपनी येऊन सगळीकडे एकसारखे पांढरे दिवे लावेल आणि 'सध्याचे हस्तनिर्मित साहित्य' भंगारात काढण्यात येईल.

म्हणजे मेंढी, मासा, किटली, सगळं. मला हिल्डाचा चेहरा दिसायला लागला. मी फोन लावला.

"आकृत्या कोणी तयार केल्या?" पेल म्हणाले.

"आल्बर्ट मॉसप."

"मग सुरक्षिततेच्या दाखल्यावर त्यांची सही लागेल."

"ते फेब्रुवारीत वारले."

"अच्छा. वाईट झालं." कागद चाळल्याचा आवाज. "तरी सही त्यांचीच लागेल."

"पण ते हयात नाहीत."

"हयात असण्याची अट नाहीये, मिस्टर फॉसेट. सही असण्याची आहे. आणि तारीख चालू वर्षाची हवी."

मी हताश होऊन तळघरात गेलो आणि एखादा जुना सही केलेला कागद मिळतो का ते शोधू लागलो. मेंढीच्या पाठीमागे चिकटवलेला दाखला होता. पूर्ण भरलेला. खाली आल्बर्ट मॉसपची सही, आणि तारीख यंदाच्या ऑक्टोबरची.

दूरदृष्टीचा माणूस. पुढच्या वर्षीचं आधीच करून ठेवलेलं. मी तो पेलना पाठवला. त्यांचा उलट टपाली निरोप आला: तारीख चालू वर्षाची आहे, चालेल.

पत्रासोबत आलेला धोक्यांचा फॉर्म मी भरला.

धोका क्र. ३. प्रेक्षक वर पाहतील. *उपाय:* तशी आगाऊ सूचना देण्यात येईल.

धोका क्र. ७. दिवे लागल्यावर प्रेक्षक दचकतील. *उपाय:* दहापासून एकपर्यंत मोठ्याने मोजण्यात येईल.

धोका क्र. ११. काही विपरीत घडल्यास जबाबदार व्यक्ती. (एकच नाव लिहावे.) *रॉडनी फॉसेट.*

सहा

आमच्या भिंतीपलीकडे कथबर्ट डार्ग राहतो. खाणीतून निवृत्त झालेला, दिवे समितीचा सभासद, आणि सल्ल्याच्या बाबतीत अखंड झरा.

"काय रे रॉडनी, मेंढी कुठं लावणार यंदा?"

"बँकेच्या कोपऱ्यावर. जिथं असते तिथंच."

"तिथं नको लावूस."

"का?"

"तिथून ती माझ्या खिडकीत बघते."

"ती प्लायवूडची आहे, कथबर्ट."

"ते तिला सांग." त्यानं भिंतीवर कोपर टेकलं. "आणि शिडी लाकडीच घे. आणि ओल्या दिवशी डाव्या हातानं काम करायचं, हृदय त्या बाजूला असतं."

"मग उजव्या हातानं करायला नको का?"

"तेच म्हणतोय ना मी. तुला सांगून उपयोग नाही. आल्बीला एका शब्दात कळायचं." मग त्यानं जरा आवाज खाली आणला. "गुरुवारी तळघरात तुम्ही दोघं काय करत होता?"

"मी एकटाच होतो."

"असेल," कथबर्ट म्हणाला. "झरोक्यातून पायच दिसतात. पायांवरून माणूस ओळखू येत नाही."

तो घरात गेला. मी गुरुवारी कोणते बूट घातले होते ते आठवत उभा राहिलो. एकच जोडी होती, एवढं नक्की.

पाच

चाचणीच्या दिवशी फ्यूजच्या पेटीतून थेट वीज देऊन बघितली, तेव्हा सेहेचाळीसही आकृत्या लागल्या.

सेहेचाळीस म्हणजे घुबड धरून.

मी घरी गेलो. चहाची वेळ झालीच होती.

चार

समितीच्या सभेत मी माझं पत्रक वाचून दाखवलं. *नागरिकांना विनंती: यंदा मोजणी एकपर्यंत पूर्ण करावी. दिवे त्यानंतरच लागतील. आदेशावरून.*

अध्यक्ष मिसेस टायसन यांनी चहाचा कप ओठांपासून दोन इंचांवर धरून ठेवला.

"फार रंजक कल्पना आहे, रॉडनी."

आमच्या बाजूला 'रंजक' या शब्दाचा अर्थ माहीत नसलेला माणूस फार काळ टिकत नाही. 'रंजक' म्हणजे नको. 'फार रंजक' म्हणजे तुझी तब्येत बरी आहे ना. मला सगळं कळत होतं. पण कोणी स्पष्ट नाही म्हणत नव्हतं, आणि स्पष्ट नाही म्हणेपर्यंत होकार धरायचा असतो, असा मी नियम काढला.

"लोकांना सवय नाहीये रे," कथबर्ट म्हणाला.

"शेवटचा आकडा म्हणायची? त्यात सवय कसली लागते?"

"नाही, म्हणजे... तूच म्हणून बघ की."

"आत्ता?"

"इथं नको," मिसेस टायसन पटकन म्हणाल्या आणि आल्याचा केक पुढे सरकवला. बेरिलनं केलेला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती समितीत नसते, पण केकबरोबर येते.

"रॉडनी," घरी परतताना ती म्हणाली, "सोड ना हे. दोनला लागले काय नि एकला लागले काय."

"म्हणजे उद्या बाराच्या ऐवजी अकरा अंडी आली तर..."

"मला अकरा पुरतात," बेरिल म्हणाली.

पत्रकं सगळ्या घरांत टाकली. एकही परत आलं नाही, एकाचंही उत्तर आलं नाही. फक्त कोणीतरी दुकानाच्या काचेवरच्या पत्रकातला 'एक' हा शब्द पेन्सिलीनं, अगदी नीटसपणे, खोडून ठेवला होता.

तीन

मुख्य खटक्याकडे मी शेवटपर्यंत गेलो नव्हतो, कारण तो एका लोखंडी कपाटात होता आणि कपाट उघडत नव्हतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते आपोआप उघडं मिळालं. खटक्याला एकच लेबल.

*एक म्हणू देऊ नकोस.*

मी लेबल तोडलं आणि थेट हिल्डाकडे गेलो. ती अंगणात कोळसा भरत होती.

"मिसेस मॉसप, हे काय आहे?"

तिनं लेबल हातात धरलं, अक्षरावरून अंगठा फिरवला. "ही माझ्या बाबांची पद्धत. मेंढपाळ होते ते. आल्बी त्यांच्याकडून शिकला."

"म्हणजे त्याला शिंक आली नव्हती?"

"शिंक कसली?" ती म्हणाली. "हे बघ. वसंतात मेंढ्या डोंगरावर सोडताना मेंढवाड्याच्या फाटकाशी उभं राहून उलटं मोजायचं. आत किती उरल्यात ते. एक बाहेर गेली, आकडा एकानं खाली. पण आकड्यात मोजणारा पण धरायचा, तो पण आतच उभा असतो ना. दोन म्हणजे शेवटची मेंढी आणि तू. तिथं मोजणं थांबवायचं. ती न मोजता जाऊ द्यायची. फाटक लावायचं."

"आणि पुढे मोजलं तर?"

"मग मेंढी गेलेली असते. एक कोण राहिलं?"

"मोजणारा."

"आणि तू ते तोंडानं म्हणालास की तोही मोजला गेला. निघाला तो." तिनं कोळशाची बादली उचलली. "बाबांचा एक भाऊ तो आकडा म्हणाला होता. आमच्याकडे त्याचा फोटो आहे. म्हणजे फोटोची चौकट आहे."

"मिसेस मॉसप," मी म्हणालो, "मोजणारा मोजणीत धरत नाहीत. खात्याचा तसा लेखी नियम आहे."

"असेल," ती म्हणाली. "तू दिवे लाव म्हणजे झालं. त्याची मेंढी भंगारात जायला नको. बाकी तुझं तू बघ, पोरा."

ती आत गेली. मला वाटतं, ती थोडी हसली. पाठमोऱ्या बाईबद्दल खात्रीनं सांगता येत नाही.

दोन

शुक्रवारी चारलाच अंधार पडला आणि पाचला डोंगरावरून धुकं उतरलं. असं धुकं की बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याला स्वतःच्या वाद्याचं टोक दिसत नव्हतं. पाहुणा म्हणून टीव्हीवर पूर्वी हवामान सांगणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी सवयीनं आकाश निरभ्र असल्याचं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तळघरात. हात खटक्यावर. डोळ्यांसमोर झरोका, आणि झरोक्यातून दिसणारे बूट. रांगेनं, धुक्यात, गुडघ्यांपर्यंतच. पेल यांचे काळे, पॉलिश केलेले. शेजारी पायाला टेकवलेली फायलीची पाठ. बेरिलचे लोकरीच्या काठाचे. अगदी जाळीला लागून हिल्डाचे तपकिरी, जुने.

"दहा," चारशे माणसं म्हणाली.

धुक्यात आवाज वेगळा येतो. चौकातून येण्याऐवजी तो भिंतींतून आल्यासारखा वाटत होता. नऊ. आठ. मी श्वास मोजून घेत होतो. सात. सहा. कोणीतरी माझ्या मागेही मोजत असल्यासारखं वाटलं. तळघरात प्रतिध्वनी असतो. पाच. चार. तीन.

"दोन."

मी खटका ओढला नाही.



मी वाट बघत होतो. ते वाट बघत होते. मी आकड्याची, ते दिव्यांची. पत्रक प्रत्येकाच्या घरी गेलेलं होतं. प्रत्येकाला ठाऊक होतं, काय म्हणायचंय. चारशे तोंडं होती आणि एक शब्द होता. वरती मंचावर दट्ट्या दाबल्याचा आवाज आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला, जरा काकुळतीला येऊन.

घड्याळात वीस सेकंद झाले. कोणी खोकलं नाही. चारशे माणसांत, नोव्हेंबरच्या धुक्यात, एकही माणूस खोकला नाही. लहान मुलं रडली नाहीत. कुत्रीही. बूट हलत नव्हते. असं वाटलं की वर गुडघ्यांच्या पुढे काही नसेलच, नुसते बूट आणून उभे केले असतील.

चाळीस सेकंद. आता आमच्या लोकांचा स्वभाव सांगतो. समारंभ फसला तर आम्ही ओरडत नाही. कुणाला लाज वाटू नये म्हणून आम्ही हळूच घरी जातो. पहिला बूट वळला. टाच माझ्याकडे झाली. मग दुसरा. पेल यांचे काळे बूट जागच्या जागी उभे होते, पण फाईल उचलली गेली, आणि मला पेनचं टोपण काढल्याचा टक्‌ असा आवाज स्पष्ट ऐकू आला.

हिल्डाचे तपकिरी बूट तेवढे झरोक्याकडे तोंड करून राहिले.

दोनवरच ओढून टाकायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. बेरिल तेच म्हणेल. पण दोन होऊन चाळीस सेकंद उलटले होते. दोन केव्हाच संपलं होतं. आता खटका ओढला असता तर तो कोणत्याही आकड्यावर पडला नसता, आणि माझ्या आयुष्यात मी कुठलीच गोष्ट आकड्याविना केलेली नाही. मला शब्दही पाळायचा होता आणि मोजणीही पुरी करायची होती. कोणीतरी म्हणणं भाग होतं.

एक

मी म्हणालो. मोठ्यानं नाही. नोंदीपुरतं.

•

खटका ओढला. सगळं लागलं.

झरोक्यातून लाल, हिरवा, पिवळा उजेड सांडला. वळलेले बूट परत वळले. जो आवाज उठला तो सदतीस वर्षांत उठला नसेल. मेंढी चालू लागली असणार, कारण पोरं तिच्या पावलांबरोबर टाळ्या देत होती. पेल यांच्या पेनचं टोपण परत बसल्याचा आवाज आला.

मी जिना चढून वर गेलो. माणसाला अशा वेळी थोडं कौतुक अपेक्षित असतं; मी चेहरा नम्र करून ठेवला होता.

मिसेस टायसन ट्रे घेऊन चहा वाटत होत्या. मी हात पुढे केला. त्या माझ्यासमोरून गेल्या आणि कथबर्टला कप दिला. मी म्हणालो, "छान झालं, नाही?" त्या कथबर्टला म्हणाल्या, "छान झालं, नाही?"

"रॉडनी कुठाय?" कथबर्टनं बेरिलला विचारलं.

"तळघरात बसला असेल रुसून," बेरिल म्हणाली. मी तिच्या कोपराशी उभा होतो.

"बेरिल, मी इथं आहे."

तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. "गार झुळूक आली बघ एकदम," ती कथबर्टला म्हणाली.

मला लगेच उलगडा झाला. मी गावाला धुक्यात पाऊण मिनिट ताटकळत ठेवलं होतं आणि गाव माझ्यावर रागावलं होतं. आमच्याकडे बहिष्काराची पद्धत अतिशय सभ्य आहे. कोणी तुम्हाला वाईट बोलत नाही. कोणी तुम्हाला काहीच बोलत नाही. रात्री बेरिलनं जेवणाचं एकच ताट घेतलं, तेव्हाही मला आश्चर्य वाटलं नाही. तिच्या बहिणीच्या कुत्र्याचं वजन मी बोलून दाखवलं होतं तेव्हा हे नऊ दिवस चाललं होतं. तिनं ताट धुतलं, माझ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं आवरली, आणि जिन्याच्या पायरीवर जरा वेळ उभी राहून हाक मारली, "रॉडनी?"

"हो," मी म्हणालो.

तिनं दिवा मालवला.

त्यानंतरच्या मंगळवारच्या सभेचा वृत्तान्त जसाच्या तसा देतो:

*१. उपस्थित: मिसेस टायसन (अध्यक्ष), सी. डार्ग, मिसेस बी. फॉसेट (केक).*

*२. अनुपस्थित: आर. फॉसेट. कळवलेले नाही.*

*३. मिस्टर पेल यांचे पत्र वाचण्यात आले. कार्यक्रम समाधानकारक. कै. मॉसप यांच्या आकृत्या कायम राहतील. बाहेरच्या कंपनीचा प्रस्ताव मागे.*

*४. आर. फॉसेट शुक्रवारपासून दिसलेले नाहीत. ते रुसले असावेत, असे सभेचे मत पडले. मिसेस फॉसेट म्हणाल्या की ते रुसले की असेच करतात, वाट पाहावी. त्यांचा आवाज जड झाल्याने केक घेण्यात आला.*

*५. पुढील वर्षी मोजणी नेहमीप्रमाणे.*

या सभेला मी हजर होतो. खिडकीजवळच्या खुर्चीत. कलम दोनला मी दुरुस्ती सुचवली. मग पुन्हा सुचवली. तिसऱ्यांदा, जरा आवाज चढवून सुचवली, तेव्हा मिसेस टायसन उठल्या, माझ्या अंगावरून हात लांब करून त्यांनी माझ्यामागची खिडकी लावली आणि खांद्यावर शाल ओढून घेतली.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला अनेकांनी हाकलून दिलं आहे. पण वृत्तान्तात मला कधी कोणी चुकीचं लिहिलं नव्हतं.

मी बाहेर पडलो. कोपऱ्यावर मेंढी चालत होती, एक पाऊल पुढे, एक मागे. तिच्या उजेडात माझ्या पायांशी सावली पडायला हवी होती, तिकडे मी बघितलं नाही. निदान मिसेस मॉसपना बातमी तरी सांगू, असा विचार केला. शब्द त्यांना दिला होता.

हिल्डाच्या स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती. मी उंबऱ्यात थांबलो. कोणाशी बोलून बघण्याचा मला आता कंटाळा आला होता.

"पाय पूस, रॉडनी," ती म्हणाली.

चार दिवसांत मला उद्देशून आलेलं ते पहिलं वाक्य. मी पाय पुसले. बराच वेळ पुसले.

"आकृत्या राहणार, मिसेस मॉसप. कलम तीन."

"माहितीय. शब्द पाळलास हो, पोरा." तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"बेरिलकडे जाईन मी उद्या. तिला समजेलसं काहीतरी सांगते." तिनं सुरी फडक्याला पुसली आणि आता पहिल्यांदा मागे वळली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. भिंतीला लागून असलेल्या लाकडी बाकाकडे ती बघत होती, आणि बाकावर कोणी नव्हतं.

"आल्बी," ती म्हणाली, "सरक जरा. त्याला बसू दे."

मी बसलो. जागा ऊबदार होती.